निरंक समजावे

लातूर
८ मे २००१

ती. सौदामिनीअक्का,

साष्टांग नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, तो तू मोजून ठेवला असशीलच. पण या खेपेला कारण सबळ आहे. पुरवठा शाखेतलं माझं रेशनकार्डांचं दळण संपलं. सरकारनं आपत्ती व्यवस्थापनाची सगळी घडी नव्यानं बसवायला घेतली आहे आणि त्यासाठी इथे एक विभागीय कक्ष उघडला आहे. त्यात मला घेतलं. भूकंप पाहिलेला माणूस हवा, असं साहेब म्हणाले.

आजवर काय चालायचं ते तुला ठाऊक आहे. पूर आला की महसूल, आग लागली की नगरपालिका, साथ आली की आरोग्य. प्रत्येकाचं दफ्तर वेगळं, प्रत्येकाचा साहेब वेगळा. तंबू एका खात्याकडे आणि तंबूच्या खुंट्या दुसऱ्याकडे, असा सगळा मामला. आता हे एका छताखाली येणार. या पावसाळ्यात लातूर आणि नांदेड अशा दोन जिल्ह्यांत प्रयोग आहे. प्रत्येक तहसिलीत कॉम्प्युटर बसला. तालुक्यातून बातमी आली की आमच्या पडद्यावर तो तालुका लाल होतो, नाही आली की हिरवा राहतो.

यातला एक नियम तुझ्या भावाचा आहे, हे मात्र सांगायलाच हवं. पावसाळ्यात गावोगावहून रोज 'निरंक' अहवालांचा ढीग यायचा. निरंक म्हणजे काही घडलं नाही. काही न घडल्याचं कळवायला कागद, शाई आणि कारकून! मी बैठकीत म्हटलं, घडलं तरच कळवा, अहवाल न आल्यास निरंक समजावे. साहेबांनी टेबलावर थाप मारली आणि वाक्य जसंच्या तसं कार्यपद्धतीत घातलं. सतरा वर्षांच्या नोकरीत माझं वाक्य कुणी पहिल्यांदाच जसंच्या तसं घेतलं.

तुझ्या राजकन्येसाठी खोली बघतो आहे. इथे आता डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांची एवढी गर्दी आहे की गच्चीवर पत्रे ठोकून लोक चार-चार कॉट टाकतात. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडला शिव्या देत ज्यांनी दिवस काढले, तेच आता पत्र्याखाली भाडेकरू ठेवताहेत. आमचा यज्ञेशही जूनपासून अकरावीला. म्हणजे घरातलं जेवण क्लासच्या वेळापत्रकावर.

तुझा,
रेणुकादास

*

जांभळदरा, ता. किनवट
१९ मे २००१

चि. रेणुकादास,

अनेक आशीर्वाद. राग आला असला तरी आशीर्वाद आधी द्यावे लागतात, म्हणून देते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अभिमान वाटला. दुसऱ्यांदा वाचताना ते वाक्य नीट वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

तू इथे एकदाच आलास, तोही हिवाळ्यात, म्हणून पुन्हा सांगते. आमची निवासी शाळा आणि डांबरी सडक यांच्यामध्ये नाला आहे. पूल नाही, फरशी आहे. पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की आम्ही अलीकडे आणि दवाखाना, बाजार, तहसील सगळं पलीकडे. शाळेत मुली साठावर, मोठी माणसं दोन, मी आणि स्वयंपाकीण रुक्मिणबाई. म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. दुपारच्या एसटीनं पिराजी कंडक्टर माझी चिठ्ठी किनवटच्या तहसिलीत द्यायचा. चिठ्ठीत एकच शब्द, निरंक. तुझ्या भाषेत कागदाची नासाडी.

पण चिठ्ठी आली नाही, की तिथले नायब तहसीलदार काय करायचे माहीत आहे? संध्याकाळच्या आत जीप काढून नाल्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभे राहायचे आणि ओरडून विचारायचे, "बाई, हायेत का सगळे?" दोन वर्षांमागे एका मुलीला ताप डोक्यात चढला होता. त्यांनी ट्रॅक्टरची ट्यूब आणि दोर आणून तिला पलीकडे नेलं. मी कुठलाही निरोप धाडला नव्हता, धाडता येतच नव्हता. निरोप नाही आला, म्हणूनच ते आले. त्या चिठ्ठीत माहिती काहीच नसायची रे, तिचं पोचणं हीच माहिती होती.

तुझ्या नियमानं आता ती नाही पोचली की सगळे निवांत.

दुसऱ्या कुणी हे वाक्य लिहिलं असतं तर मी कपाळावर हात मारून गप्प बसले असते. पण तू? भूकंपाच्या पहाटे फोनपाशी तू बसला होतास. तूच मला सांगितलंस की ज्या गावांत भिंतींना तडे गेले तिथून फोनवर फोन येत होते, आणि आपल्या देविकाच्या सासरच्या गावाहून एकही आला नाही. तिथे फोन करायला कुणी उरलंच नव्हतं. आपली धाकटी बहीण त्या गप्प गावात होती. तुझ्या नव्या नियमानं त्या पहाटे तिचं गाव निरंक धरलं गेलं असतं.

ते वाक्य काढ. पाऊस लागायच्या आत काढ. मला दुसरं काही नको.

तुझी,
अक्का

ता. क. राजकन्या ही रुक्मिणबाईची मुलगी, हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. दहावीच्या निकालात पहिला वर्ग पक्का आहे. रुक्मिणबाई विचारते, "लातुरात पानी बाटलीत मिळते म्हनं, मग आंघूळ कशानं करतेत?"

*

लातूर
२ जून २००१

ती. अक्का,

नमस्कार. देविकाचं नाव तू काढायला नको होतंस. ते पत्र मी घरात कुणाला वाचायला दिलं नाही.

तरी तुझं म्हणणं खरं आहे म्हणून टिपणी लिहिली. नाल्याकाठच्या, डोंगरातल्या गावांपुरता तरी रोजचा अहवाल चालू ठेवावा, आणि अहवाल न आल्यास 'अप्राप्त' धरून चौकशी करावी, असं स्वच्छ लिहिलं. साहेबांनी ती वाचली आणि कोपऱ्यात शेरा मारला, 'पाहिले'.

सरकारी नोकरीत 'पाहिले' म्हणजे काय हे तुला सांगायला नको. 'नामंजूर' लिहिलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. मी पुन्हा आत गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, "हे बघा, पडद्यावर तीन रंग झाले तर मुंबईला काय दाखवायचं? लाल आणि हिरवा. साधं ठेवा." वर म्हणाले, तुमचाच तर नियम आहे.

शिवाय आता प्रत्येक खात्यानं आपापल्या वरिष्ठालाच कळवायचं, आडवं एकमेकांना नाही. म्हणजे एसटी डेपोनं तहसिलीला परस्पर सांगायचं नाही. याला सुसूत्रता म्हणतात. पण घाबरू नकोस, तुमच्या ग्रामपंचायतीत फोन आहे असं माझ्याकडच्या यादीत दिसतं. काही झालंच तर तू फोन करशील.

राजकन्येची सोय झाली. महादेवप्पा म्हणून माझ्या ओळखीचे उदगीरचे आडत व्यापारी आहेत, त्यांचं इथे घर आहे. वरच्या खोलीत तीन मुली राहतात, चौथी ही. बाई कडक आहे, पण जेवण घरचं. मी रविवारी जाऊन बघत जाईन.

तुझा,
रेणुकादास

*

जांभळदरा
१० जुलै २००१

चि. रेणुकादासास आशीर्वाद.

राजकन्या तुमच्याकडे पोचली, मजेत आहे, हे कळलं. ती निघाली तेव्हा रुक्मिणबाई रडली नाही. तिनं फक्त पिराजीला बजावलं, "पोरगी लातूरच्या गाडीत बसल्याबिगर तुमी हलू नका." पिराजी म्हणाला, "मावशी, माझी गाडी हाय, माझी ड्युटी हाय." ती म्हणाली, "गाडी तुमची हाय, पोरगी माझी हाय." आणि तो खरंच किनवटला तासभर थांबला.

आता तुझ्या यादीतल्या फोनबद्दल. तो आहे, सरपंचांच्या घरात, भरजरी रुमालाखाली. मृगापासून मुका आहे. लाइनमन म्हणाला, पावसाळा संपला की दुरुस्त करू. पावसाळ्यात कामाला येणारी वस्तू पावसाळा संपल्यावर दुरुस्त करायची, रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी कार्यपद्धती मागवून घेतली आणि अभ्यास केला. शिक्षिकेला तेवढं येतं. त्यात लिहिलं आहे, 'कोणतीही घटना घडल्यास तात्काळ कळवावी.' घटना केवढी असावी हे लिहायला तुम्ही विसरलात. तेव्हा मी पंधरवड्यापासून रोज एक घटना कळवते. पिराजी नेतो, तहसिलीतला ऑपरेटर मुकाट्यानं कॉम्प्युटरवर चढवतो, कारण आलेला अहवाल चढवलाच पाहिजे असाही तुमचाच नियम आहे. उदाहरणार्थ:

सोमवारी शाळेच्या आवारात एक गाय शिरली. ती आपणहून निघून गेली.

मंगळवारी रुक्मिणबाईंचं वरण करपलं. मुलींनी परिस्थिती संयमानं हाताळली.

बुधवारी घंटेचा लोळा सापडत नव्हता. शाळा ताट वाजवून भरवण्यात आली.

रुक्मिणबाई वरणाच्या घटनेवर नाराज आहे. म्हणते, "सरकारात माझं वरन कशाला धाडलं? आजच्या कढीचं धाडा की." कढीचंही धाडलं.

आता तू एवढंच ध्यानात ठेव. ज्या दिवशी माझा वेडेपणा येणार नाही त्या दिवशी इथे काहीतरी झालं आहे असं समज आणि कुणाला तरी नाल्यावर उभं कर.

तुझी,
अक्का

*

लातूर
२८ जुलै २००१

ती. अक्का,

नमस्कार. तुझ्या गायीनं इथे थैमान घातलं आहे. महिनाभर किनवट रोज लाल. सुरुवातीला एकदा मी धावत पडद्यापाशी गेलो. 'आपत्तीचा प्रकार: इतर. तपशील: कढी फुटली नाही.' सगळा कक्ष हसला, मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मला रोज सकाळी ते वाचून बरं वाटायचं.

पण परवा मंत्रालयातून विचारणा आली की किनवट सतत आपत्तीग्रस्त का आहे. साहेबांनी सगळे अहवाल छापून काढले, ते टेबलावर पसरले आणि मला विचारलं, "या सौदामिनीबाई कोण?" माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंच. तुझ्या संस्थेला कारणे दाखवा नोटीस निघते आहे, 'यंत्रणेचा नाहक वेळ दवडल्याबद्दल.' मला वेगळं बोलावून सांगितलं की बहिणीला आवरा, नाहीतर दोघांनाही जड जाईल. ऑगस्टमध्ये औरंगाबादला मोठं सादरीकरण आहे, तिथे पडदा स्वच्छ हवा.

अक्का, मी इथे आहे तोवर काही तरी करता येईल. मला इथून हलवलं तर तुझ्या म्हणण्याची ती टिपणी कुणी उचलूनही बघणार नाही. म्हणून तुझ्या पाया पडून मागतो, घटना बंद कर. त्याच्या बदल्यात मी शब्द देतो. रोज सकाळी ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर मी स्वतः किनवट तहसिलीला फोन करून विचारीन की जांभळदऱ्याची एसटी परत आली का. नियमात असो वा नसो.

तुझा,
रेणुकादास

*

जांभळदरा
६ ऑगस्ट २००१

चि. रेणुकादास,

आशीर्वाद. नोटीस पोचली. संस्थेचे सचिव स्वतः आले होते, म्हणाले बाई तुमची पेन्शन तोंडावर आली आणि हे काय पोरखेळ. मी त्यांना कढी वाढली.

बंद करते. नोटिशीला भिऊन नाही, तुझ्या शब्दावर. रुक्मिणबाईला सांगितलं तर म्हणाली, "भाऊ हाय तर काय काळजी बाई." ती तुला ओळखत नाही, भाऊ या शब्दाला ओळखते. तेव्हा फोनचं विसरू नकोस.

अक्का

*

औरंगाबाद
२१ ऑगस्ट २००१

ती. अक्का,

नमस्कार. विश्रामगृहातून लिहितो आहे. काल दुपारी सादरीकरण झालं आणि असं झालं म्हणून सांगू! भिंतभर पडदा, समोर सचिव, आयुक्त, पाच-सहा जिल्ह्यांचे अधिकारी. साहेबांनी बोलायला मलाच उभं केलं. दोन्ही जिल्हे गडद हिरवे, भर पावसाळ्यात एक ठिपका लाल नाही. सचिवांनी मुद्दाम काठी लावून विचारलं, "हा किनवट ना? महिनाभर लाल होता तो?" मी म्हटलं, "हो सर, आता सुरळीत आहे." ते म्हणाले, पुढच्या वर्षी हीच पद्धत सगळ्या राज्याला लावू.

तू रागावशील, पण तुझ्याच भल्याचं सांगतो. साहेब खुशीत आहेत. येताना गाडीत त्यांच्यापाशी 'अप्राप्त'चा विषय पुन्हा काढला, या वेळी 'बघू' म्हणाले. 'पाहिले'पेक्षा 'बघू' बरं.

इकडच्या गडबडीत शुक्रवारपासून माझा किनवटचा फोन राहिला, तेवढं माफ कर. अर्थात काही असतं तर पडद्यावर दिसलंच असतं. घरी फोन केला तर सौ. म्हणाली, राजकन्या येऊन गेली, रेडिओवर किनवटकडे पाऊस सांगितला म्हणून चौकशी करत होती. मी सांगायला सांगितलं की सगळं हिरवं आहे, अभ्यास कर. उद्या गणपती, रात्रीच्या गाडीनं निघतो.

तुझा,
रेणुकादास

*

जांभळदरा
१ सप्टेंबर २००१

रेणुकादास,

तुझं औरंगाबादचं पत्र काल मिळालं. त्याच्या आधी मी तुला दोन पत्रं लिहायला घेतली होती, दोन्ही फाडली. आता हे लिहिते ते नीट वाच.

पोळ्याच्या रात्री पाऊस लागला तो थांबेचना. सकाळी फरशी दिसत नव्हती. एसटी आली नाही. मी मुलींना वरच्या दोन वर्गांत नेलं आणि रुक्मिणबाईला म्हटलं, भाऊ सकाळी फोन करणार, एसटी परतली नाही हे त्याला कळणार, संध्याकाळपर्यंत कुणीतरी पलीकडे येईल. संध्याकाळी मी छत्री घेऊन काठावर उभी राहिले. पलीकडे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पाणी स्वयंपाकघरात शिरलं. तांदळाची पोती भिजू नयेत म्हणून रुक्मिणबाई ती ओट्यावर उचलून ठेवत होती. मी म्हटलं राहू द्या. ती म्हणाली, "बाई, पोरी काय खातील?" तिसऱ्या पोत्याखाली हात घातला आणि तिला पान लागलं. इकडे सापाचं नाव घेत नाहीत, तीही घेईना. हात धरून खाली बसली आणि म्हणाली, "बाई, पान लागलं वाटते."

तेव्हा दुपार होती. तू भिंतीवर हिरवं दाखवत होतास, तीच दुपार.

लस कुठे मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. सडकेवरच्या आरोग्य केंद्रात. नाला ओलांडला की जीपनं पाऊण तास. मोठ्या मुलींनी काठावर जाऊन घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. गावातले दोन गडी पाण्यात उतरले, कमरेपर्यंत जाऊन परत आले, त्यांना दोष नाही. पलीकडे दोर धरायला एक माणूस असता, एक जीप असती, तर ती गेली असती पलीकडे. दोन वर्षांमागे तापाची पोर गेलीच होती की.

ती शुद्धीवर होती बराच वेळ. मला म्हणाली, "भाऊ येते म्हनले होते ना?" मी म्हटलं, येतोय. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

गणपतीच्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा पहिला आला तो पिराजी, पायी. त्यानं डेपोत रविवारीच सांगितलं होतं की गाडी नाल्यावरून परत आणली. डेपोनं आपल्या वरिष्ठाला कळवलं. ती बातमी वर वर गेली आणि आडवी कुठेच आली नाही. पिराजी तहसिलीत स्वतः गेला तर ऑपरेटर म्हणाला, "तुमचा रिपोर्ट आमच्याकडं चालत न्हाई, तुमच्या खात्याकडून येऊ द्या." पिराजी माझ्यासमोर बसून रडला. मी त्याला चहा दिला.

मी तुझ्यावर चिडले आहे आणि ते लपवत नाही. एक फोन होता, रेणुकादास. तुझं वाक्य बदलायला मंत्रालय लागत होतं, फोनला तू एकटा पुरेसा होतास.

राजकन्येला अजून कुणी सांगितलेलं नाही. तिच्या मामाला घेऊन मी निघणार होते, पण इथे मुलींना सोडून हलता येईना. तिचा मामा बुधवारी तिला न्यायला तिथे येईल. त्याच्या आधी तू सांग. सौ.ला पाठवू नकोस. तू जा.

अक्का

*

लातूर
१२ सप्टेंबर २००१

ती. अक्का,

सांगितलं.

क्लासच्या बाहेर उभा होतो. बॅच सुटली, शेकडो सायकली, पोरं गणिताची उत्तरं एकमेकांना ओरडून सांगत होती. ती मला बघून हसत आली. म्हणाली, "काका, आईचं पत्र न्हाई आलं. बाई लिहून देतेत ना, दर आठवड्याला येते." मी तिला बाजूच्या रसवंतीत नेलं आणि बाकावर बसवून सांगितलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं ते मला आठवत नाही. तिनं विचारलं, "मी आले होते तवा आई होती का?"

मी हिशेब केला. ती आमच्या घरी आली तो सोमवार, संध्याकाळ. नव्हती, किंवा जात होती. मी म्हटलं, नाही.

"मग तुमच्या कॉम्प्युटरवर दिसलं न्हाई का?"

ती मामाबरोबर गावी गेली ते तू पाहिलंच. परवा परत आली. तिनं मला रविवारी येऊ नका म्हणून निरोप धाडला आहे.

मी ऑफिसात जाऊन ती नोंद करायला लागलो. तारीख मागची असल्यामुळे कॉम्प्युटर घेईना. त्या तारखेला किनवट निरंक म्हणून महिना बंद झाला आहे. साहेबांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण म्हणाले, "सर्पदंश आरोग्याकडे जातो, तो पुरात मोजता येत नाही, आणि पूर त्या दिवशी नोंदलेलाच नाही." मग त्यांनी मला कागद दिला. सगळ्या राज्यासाठी कार्यपद्धतीचा मसुदा. मी तयार करायचा आहे. पहिल्याच पानावर माझं वाक्य आहे.

मी त्याच दुपारी अर्ज दिला. मला पुरवठा शाखेत परत पाठवा, नाहीतर उदगीरला कुठल्याही गोदामावर टाका. त्या पडद्यासमोर मी बसू शकत नाही. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, आठवड्यात निर्णय देतो म्हणाले. माझ्या जागी शेषेराव म्हणून एक तरुण येईल, मुंबईला कोर्स केलेला. त्याला हे काम आवडतं.

एवढंच माझ्या हातात होतं, ते केलं. मला क्षमा करता आली तर कर.

तुझा,
रेणुकादास

*

जांभळदरा
१८ सप्टेंबर २००१

चि. रेणुकादास,

आशीर्वाद.

क्षमेचं नंतर बघू. आधी अर्ज मागे घे. हे पत्र मी टपालात टाकत नाही, पिराजीच्या हाती देते. तो किनवटहून लातूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देईल, म्हणजे तुला उद्या मिळेल.

तुला तिथे बसवत नाही, हे मला कळतं. तू उठून गोदामात गेलास की तुला झोप लागेल. पण त्या खुर्चीवर शेषेराव बसेल. त्याला ते काम आवडतं, आणि त्याची कुठलीच बहीण नाल्याच्या अलीकडे राहत नाही. ते वाक्य तो सुवाच्य अक्षरात टाइप करील आणि पुढच्या पावसाळ्यात सगळ्या राज्यातले नाले त्याच्याखाली येतील. प्रायश्चित्त घ्यायची तुला घाई झाली आहे आणि त्याची किंमत आमच्यासारख्यांनी द्यायची. हे मला मंजूर नाही, आणि मी 'पाहिले' लिहून सोडणार नाही.

मसुदा तुझ्याकडे दिला आहे ना? मग तो तूच लिही. ते वाक्य खोडून दुसरं घाल. साहेब कापतील, तू पुन्हा घाल. ते चिडतील, तू चिडू नकोस, चिकटून बस. काढून टाकलं तर टाकू देत, पण आपण होऊन उठायचं नाही. आणि रोज सकाळी किनवटला फोन करायचा. त्याला कुणाची सही लागत नाही, मागेही लागत नव्हती.

राजकन्या मला भेटून गेली. इथे आली तेव्हा तिनं आईची दोन लुगडी वाटली, एक स्वतःला ठेवलं. मी म्हटलं, पोरी, या वर्षी नको जाऊस, पुढल्या वर्षी बघू. ती म्हणाली, "सोमवारी पेपर हाय बाई." आणि गेली. तुझ्यावर तिचा राग आहे, माझ्यावरही आहे. मीच तिच्या आईला सांगितलं होतं की भाऊ येतो. तो राग आपण दोघांनी सोसायचा, तो जावा म्हणून तिच्या मागे लागायचं नाही.

अर्ज मलाही लिहिता येतो. रुक्मिणबाई ज्या ओट्यापाशी बसली होती तिथे उभं राहणं मला नको वाटतं. पण तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. संस्था म्हणते, पद रिकामं असल्याचं वर कळवलं आहे. तोवर साठ मुलींचा स्वयंपाक मीच करते, त्याच ओट्यावर. आता तांदूळ निवडायला बसायचं आहे, म्हणून पुरे करते.

तुझी,
अक्का